डाव्या हातचा मळ

वसमतला, सायकलच्या दुकानावर,
आमच्या टाइपिंग क्लासात सहा मशिनी होत्या,
त्यातली एक कायम आजारी.
फेब्रुवारीत खिडकी उघडी ठेवली
की शिजवलेल्या हळदीची वाफ आत यायची
आणि दुपारच्या बॅचची बोटं
बटणांवर पिवळी उमटायची.

शेवंता ढेंबरे आली ती उजवा हात ओढणीत गुंडाळून.
सुगीत थ्रेशरनं मनगटापर्यंत नेला होता.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
"कामून न्हाई जमणार? एक हाय की."

मी तिला बटणांची वाटणी दाखवली.
क्यूपासून टी, एपासून जी, झेडपासून बी :
पंधरा अक्षरं डाव्या हाताची,
अकरा पलीकडची,
मधे जी आणि एचचा बांध.
त्या रात्री कव्हर गेलेली डिक्शनरी घेऊन बसलो,
पंधराच अक्षरांत मावणारे शब्द हुडकत.
बायको म्हणाली, परीक्षा तिची का तुमची?

वॉटर निघाला. ब्रेड निघाला.
स्ट्रीट, स्वेटर, टॅक्स,
बार्बर, म्हणजे आपल्या खाली बसतो तो नागनाथ.
वेस्ट, म्हणजे वाया जाणं.
स्ट्युअर्डेस, म्हणजे विमानातली बाई;
तिथं मीच अडखळलो,
विमान मी खालूनच पाहिलेलं, तेही दोनदा.
मदर नाही. फादर नाही.
हँड नाही : एक सोडून दोन अक्षरं पलीकडची.
मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून
एकटं बीड पुरतं हाती लागलं.
"बीडला मावशी हाय माजी," ती म्हणाली,
"म्हंजे पत्र जाईल."

पत्राला वर अ‍ॅड्रेस मिळाला, मग डियर,
तळाला रिगार्ड्सही मिळालं,
मधे मात्र सगळं पांढरं.
कारण इंग्रजीतला मी उजवीकडं राहतो.
तू तर तिन्ही अक्षरांसकट तिकडंच.
हे मी तिला सांगणार नव्हतो.
पण एके दिवशी तिनंच कागद ओढून पुढं धरला :
"सर, वी बगा. आपण.
दोन्ही अक्षरं इकडंच हायत."
मी चष्मा पुसला.
बावीस वर्षं शिकवत होतो.

गावात कुणी विचारलं, टायपिंग कसं गं,
तर सांगायची, डाव्या हातचा मळ.
ऐकणारा खाली बघायचा,
ती नाही.

स्वतःचं नाव तिनं सगळ्यात उशिरा घेतलं.
एच नाही, एन नाही.
जे उरलं ते वाचून,
आमच्याकडं जसं म्हणतात तसंच म्हणाली,
"सेवट झाला की माजा!"
बाकीच्या मशिनी थांबल्या.
हसावं का नाही ते कुणालाच ठरवता येईना,
मग तीच हसली.

मार्चातली संध्याकाळ, लाइट गेलेली.
अंधारात आम्ही सराव थांबवत नसू,
बटणं तशीही बघायची नसतात.
तिच्या मशिनीचा आवाज बदलला :
टक, मग जराशी उसंत, मग टक.
हात बांध ओलांडत होता,
दुसऱ्याच्या रानात चोरपावलांनी शिरावं तसा,
एका अक्षराला शिवून लगेच माघारी.

लाइट आल्यावर मी कागद बघितला.
थ्रेशर.
आठ अक्षरं, दोन्ही एच जागच्या जागी,
जरा जास्तच ठळक.
मी स्पेलिंग तपासलं, मास्तरला दुसरं काय येतं.
"बरोबर आहे," म्हणालो.

तिनं कॅरेज मागं ओढलं
आणि त्याच शब्दावरून एक्स मारत गेली,
आठ वेळा, एकही न चुकवता.
एक्स तिच्याच हाताचा.