पाचशेपैकी

पेटीत घडी घातलेला कागद असतो.
एकूण नाणी पाचशे.
हे नाणं क्रमांक दोनशे बारा.

कागद खोटं बोलत नाही,
फक्त जुना झालेला असतो.
मला विचाराल तर चारशे त्र्याण्णव.
सात माझ्या मुशीत गेली,
इथे, मनामाच्या सोनेबाजारामागच्या गल्लीत,
जिथे एसीचं पाणी तेलाच्या डब्यात ठिबकतं
आणि भट्टीपुढे बाराही महिने मेच असतो.
दुसऱ्यांच्या मुशींचं मला ठाऊक नाही.

मी विट्याकडचा.
आमच्यात पोरगं दहावीला गचकलं तरी बाप निवांत असतो,
कुठल्या ना कुठल्या शहरात
कुणा पाहुण्याची गलाईची भट्टी पेटलेलीच असते.
माझी तेवढी समुद्रापलीकडे पेटली.

भाव चढला की दुकानात झुंबड उडते,
घेणाऱ्यांची नव्हे.
वाकलेल्या बांगड्या येतात, एकच कुडी येते,
साबण लावून काढलेली अंगठी येते,
आणि मधूनच निळ्या मखमलीत
बोटाचा ठसाही न पडलेलं एखादं नाणं.
पूर्वी याला सोन्याच्या दीडपट मोजायचे लोक,
आरशासारख्या पाठीवरच्या
त्या एका गलबतासाठी.
आता सोनंच इतकं चढलंय
की गलबत बुडालं.
रिदाशेठ तराजूकडे बोट करतात:
वजन घे. घडणावळ शून्य.

म्हणजे हे दिवस माझेच होते खरं तर.
दुर्मिळपणा फुकट मिळतोय,
फक्त सोनं परवडायला हवं.
मला एकदाच परवडलं.
चौदा महिने पगारातून कापून घेतलं
दोनशे अकरा.
माझ्या खोलीत, डाळीच्या डब्यात, डाळीखाली असतं ते.
निखिल कर्मकार म्हणतो, दादा, वेडे आहात तुम्ही,
रोज हातांनी सोनं आटवता
आणि गोळा काय करता, तर आकडा.

आज बदरियाबाई आल्या. वडलांची पेटी.
उघडली, तर दोनशे बारा.
एका ठशाखालून पाठोपाठ निघालेली दोघं,
एक डाळीत, एक माझ्या तळहातावर.
मी म्हटलं, बाई, विकू नका, हे वजनापेक्षा महाग आहे.
त्या म्हणाल्या, कुणासाठी?
रागानं नाही. खरोखर विचारलं.
मी दुकानाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं.
मला तीन पगार कमी पडत होते.

मग भिंग दिलं त्यांच्या हातात.
म्हटलं, गलबताच्या कडेला बघा, दोराशी.
तिळाएवढा माणूस आहे,
नाक चिमटीत धरून, बुडी मारायच्या बेतात.
बराच वेळ बघत राहिल्या.
अठ्ठावीस वर्षं घरात होतं, म्हणाल्या,
बाबा कुणाला पेटी उघडू द्यायचे नाहीत.
भिंग परत केलं,
आणि पावतीवर सही केली.

मुशीत नाणं लगेच आटत नाही.
आधी आरसा अंधूक होतो,
मग दोर, मग तो तिळाएवढा माणूस
(शेवटी मारलीच त्यानं बुडी),
मग शीड.
साल सगळ्यात शेवटी जातं.
मी चिमूटभर सवागी टाकली
आणि वहीत लिहिलं: चारशे ब्याण्णव.

लिहिताना हात थबकला.
माझं डाळीतलं नाणं
आत्ताच थोडं आणखी दुर्मिळ झालं,
आणि ते मीच केलं, पगार घेऊन.

रात्री इंदूचा फोन. तिला आजचा भाव पाठ असतो,
तालुक्यात सगळ्यांनाच असतो.
म्हणाली, वरच्या मजल्याचा स्लॅब एवढ्यात होईल,
काढून टाका ना ते एकदाचं.
मी म्हटलं, भाव उतरू दे.
ती गप्प झाली. मग हसायला लागली,
शेजारणीला हाक मारून सांगितलंसुद्धा.

खरंच आहे.
या अख्ख्या आखातात
हातात सोनं असून
भाव उतरायची वाट बघणारा
बहुतेक मी एकटाच.