गुरुवारची सुट्टी

बारीच्या स्टेशनसमोर, पामच्या झाडाखाली
आम्ही जॉर्जियाच्या बायका.
कुणाचे गुडघे, कुणाच्या म्हातारीचे डायपर,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पायाशी.

कुताइसीची गाडी पिशव्या घेऊन जाते.
मागच्या खेपेला मी बूट पाठवले होते.
"आई, अंगठासुद्धा जात नाही गं त्यात."
मी सदतीस नंबर धरून बसलेली,
पोरीचा पाय एकोणचाळिसावर गेला.

आणखी काही सांगत होती नातिया,
शिंप्याचं, की शाळेचं.
माझं लक्ष घड्याळात: साडेपाचची गोळी.
"बरं, ठेवते. घरी पोचायला हवं."

ती गप्प.
मग म्हणाली, "कुठल्या?"

बस आली, चढले.
ते दार जरा वर उचलून ओढावं लागतं,
मगच किल्ली फिरते.
अंधारातही जमतं मला.