सम-विषम

अल ऐन. ऐन दुपार. बाहेर अठ्ठेचाळीस,
आत वीस पूर्णांक पाच. अर्धा अंश सरकला
तरी आरसे रुसतात.
अरबीत ऐन म्हणजे झरा, आणि डोळाही.
मी गडद चश्मा चढवते,
घड्याळ, अंगठी, बांगडी खिशात.
चकाकणारं काही अंगावर नको,
हा उजेड परतला तर कुणाचा डोळा ते विचारत नाही.

एकेक स्पंद किती आखूड?
खांबेटे गुरुजींनी छडी आपटत घोकून घेतलेले आकडे
इथे येऊन कामी आले:
महापद्म, शंकू, जलधी, अंत्य.
सेकंदाचे अंत्य इतके तुकडे करा,
त्यातले पस्तीस उचला.
तेवढ्यात लाल उजेड येतो,
खड्याला आतून गदागदा हलवतो, जातो.
जलधी ओलांडला की अंत्य.
तेव्हा ते नुसतं पाठांतर होतं.

पहिला खडा मिठाचा,
शम्माने बीकरमध्ये दोरा सोडून वाढवलेला,
चौकोनी, शिस्तीचा.
त्याच्या पोटात एक मध्य आहे:
इकडच्या प्रत्येक अणूला तिकडे, तितक्याच अंतरावर,
नेमका जोडीदार.
अशा घरात दुप्पट रंग जन्मत नाही.
तिप्पट येईल, पाचपट येईल, सगळ्या विषम पटी.
इतकी सममिती, आणि सम तेवढं नाही!
मी हे शम्माला इंग्रजीत सांगते
आणि गंमत वाटेतच सांडते.

दुसरा खडा गारेचा, जर्मनीहून कापून आलेला.
लाल आत, निळं बाहेर.
एकेक अंश फिरवत जावं तसा
पडद्यावर निशिगंध उमलतो,
सहा पाकळ्या, एका मापाच्या.
गारेला मध्य नसतो.
गणपतीच्या सोंडेसारखी ती डावी असते किंवा उजवी,
पण ते हे फूल सांगत नाही.
सोंड म्हणजे? शम्मा विचारते.
मी हवेत बोट वळवून दाखवते.

चार वाजता झडप बंद. हरकबहादुर आत येतो,
दारातल्या चिकट पायपुसण्याचा वरचा पापुद्रा
सोलून काढतो. रोजचंच.
आज त्यावर एक कण, तांबूस, तिळाहून लहान.
शम्मा चिमट्याने उचलते:
हा आमच्या आजोबांच्या टेकाडाचा, रंग बघा.
तो म्हणतो, माझ्या बुटातून आलाय.
मी त्यालाही चश्मा देते. थांब म्हणते.

निळं आलं.
पण फूल कसलं ते! दोन पाकळ्या फुगलेल्या,
एक वाकडी, बाकीच्या असून नसल्यासारख्या.
बिघडलंय का, हरकबहादुर हळूच विचारतो.
नाही. कुणी कापला नाही त्याला,
जसा पडला तसा पडलाय.
अजून जोर लाव, शम्मा म्हणते.
मला नको म्हणता आलं असतं.

एकशे बाराव्या अंशावर टक् झालं.
गंजाची साल तापली असेल.
कण उडाला, कुठे ते दिसलं नाही,
रेघ तिथेच तुटली.

हरकबहादुरने फरशी पुसली.
मी वहीत लिहिलं: नमुना तीन, वाळू.
पुढचा रकाना, मूळ ठिकाण.
दोघंही खांद्यावरून वाकून बघत होते.
बराच वेळ पेन तसंच धरून
मी लिहिलं, पायपुसणं.