पाठुंगळी

तुर्भ्याला, मुनव्वरच्या गोदामात
तो दोन मिक्सरांच्या मध्ये दबून पडला होता.
रबराच्या चाळीस कळा, त्यातली एक उंदराने कुरतडलेली.
मुनव्वरने काट्यावर टाकला.
"सहाशे ग्रॅमसुद्धा नाही. पन्नास द्या, न्या."

कोपरखैरण्याच्या रो-हाउसात
जेवणाचं टेबल रात्री दहानंतर माझं.
त्याआधी ते भाजी निवडण्याचं, मग लेकीच्या जर्नलांचं.
मल्टिमीटर. स्पिरिटची बाटली. बाद टूथब्रश.
बोर्डावर हिरवट बुरा चढलेला,
खाडीचं वारं इथे सगळ्यांचेच पाय धरतं,
खिडकीच्या गजांचे, सायकलीचे, चिपांचे.

घाईने वीज द्यायची नाही.
या जातीच्या चिपांना तीन निरनिराळे व्होल्टेज लागतात,
आणि उणे पाच आला नाही
तर अधिक बारा त्यांना भाजून काढतो.
उणे आधी, अधिक नंतर.
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही,
दोन यंत्रं मारल्यावर कळलं.

उणे पाच आला.
टीव्ही छत्तीसाव्या चॅनेलवर.
पडद्यावर रेघा,
उभ्या, काळ्या, दर आठ ठिपक्यांत एक,
वरपासून खालपर्यंत.

तेवढ्यात शेजारच्या पद्माक्षी म्हात्रे
वाटी घेऊन विरजण मागायला आल्या.
बावीस वर्षं रबाळ्याला रिले जोडत होत्या;
त्या कारखान्याच्या जागी आता
सर्व्हरांची बिनखिडक्यांची इमारत आहे.
दारातूनच पडदा बघितला, म्हणाल्या,
"लायनीतली आठातली एक बाई आलेली नाही."

खरंच तसंच असतं, मी सांगू लागलो,
आठ चिपा एका रांगेत,
आणि कुठलंही अक्षर कुणा एकीकडे पुरतं नसतं,
जिच्या तिच्याकडे आठवा हिस्सा.
एक बसली की सगळ्याच अक्षरांचा
एकेक पाय...

"कुठली?"
त्यांनी वाटी ठेवली
आणि एकेकीवर बोटाची पाठ टेकवत गेल्या,
पोराचा ताप बघतात तशी.
सहावीपाशी हात झटकन मागे.

मी पंप काढला. "उपटू नका लगेच.
सोळा पाय आहेत, तांबं उचकटून येईल.
चांगली आहे का एखादी?
मग हिच्या पाठुंगळी द्या."

ही युक्ती मला ठाऊक होती,
पण इंग्रजीत; तिला आपल्यात नाव असेल
असं कधी वाटलंच नाही.
सगळ्यांवर ती चालते असंही नाही.
वीज काढली. पायांवर पाय बसवले, अंगठ्याने दाबून धरलं.
गंमत बघा, खाली जी वाहून नेते ती मेलेली,
आणि काम करते ती पाठीवरची.

परत वीज. पडदा काळा, मग पांढरा.
रेघा नाहीत.
तळाशी एक बारीक ओळ, तिच्यात १९८२.

"तेव्हा मी नववीत," त्या म्हणाल्या. "शाळा सुटली त्या साली."
मग, "नाव लिहिता येतं यावर?"

मी म्हटलं पी दाबा. दाबली.
पीऐवजी अख्खा प्रिंट उमटला.
"अगदी सासूबाई! तोंड उघडलं की
वाक्य त्याच पुरं करायच्या."
अवतरणचिन्हाला पुन्हा पीच, दुसरी कळ धरून.
आणि नावाच्या पहिल्या अक्षराला परत पी.
ती कुरतडलेली. जोर लावावा लागतो.
एका हाताने मी पाठुंगळीवालीला दाबून,
त्या एका बोटाने शोधत,
ए कुठे आहे, डी कुठे आहे.

नाव आलं. बघितलं.
"आता बंद केलं की जाणार ना?"
हो, म्हटलं.
"असू दे," म्हणाल्या, आणि गेल्या.

अंगठा सुन्न होईपर्यंत मी तो तसाच धरून बसलो होतो.
उद्या सहावीचे पाय एकेक कापायचे,
तिथे सोळा घरांचा सॉकेट लावायचा,
रेग्युलेटरही बदलायचा, हा फार तापतो.
अकराला मीटर बघितला. उणे पाच.

मग लक्षात आलं, वाटी इथेच आहे.