आठवी खोली

आमच्याकडे घर मुलींचं.
मुलगा मिसरूड फुटायच्या आत सुरावात निजायला जातो,
मग परमुलखात. मी गेलो,
पालेंबांगला, टायरच्या दुकानात.

यूसनिदार राहिली.
शिंगाळ्या छपराखाली दिवेलागणीला
खोल्या मोजत.
सात, फोनवर सांगायची. आजही सात.

मुलगी होणार असली की घराला खोली येते,
फणस लागावा तशी, थेट खोडातून, एका रात्रीत.
यात आमच्या गावाला नवल वाटत नाही.

दोघांना तिनं जिन्यावरूनच परत लावलं.
एकानं भिंतीत खिळा ठोकू का विचारलं,
दुसरा घराला न विचारता आत आला.

खिळा नाहीच त्या घरात.
म्हणून मोठ्या भूकंपात ते
म्हशीसारखं गुडघे मोडून बसलं
आणि हादरा सरल्यावर उठलं.
ती म्हणाली, थोडा भात सांडला, बस्स.

खांबांना तेल लावताना बोटांना भेगा पडल्यात तिच्या.
लग्न नाही, लेक नाही.

काल रात्री फोन.
आठ, ती म्हणाली.
गावात कुणाला दिवस गेलेले नाहीत, मी विचारलं.
अरुंद आहे रे खोली,
आणि रबराचा वास येतोय.

मी शटर ओढलं.
कितीतरी वेळ कुलूप लागेना.