तूस

डोळा लाल नव्हता.
हे मी तीनदा सांगितलं हिप्परगीबाईंना.
चिपडं नव्हती, पाणी नव्हतं, दुखत नव्हता,
रजिता शेवटच्या बाकावरून फळा वाचत होती.

आम्ही पोटाची माणसं.
दोन वर्षं घरात फक्त पोटाचंच बोलणं :
किती वेळा गेली, रक्त पडलं का,
काटा अजून सव्वीसवरच का.
शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला
तो तिथेच राहिला.
पोटाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी
एक ओळ लिहिली होती, डोळे दाखवून घ्या.
ती मी घडीत ठेवली.
सव्वा महिना.

कशाला दाखवायचे?
अक्कलकोट रोडला टॉवेल चेकिंगला आहे मी, एकोणीस वर्षं.
खाली ट्यूब, वर काच, काचेवरून कापड सरकतं
आणि तुटलेला एक धागा मला हाक मारतो.
शेठ पार्टीला सांगतो,
बोल्लीच्या नजरेखालून गेलाय, डोळे मिटून घ्या.
असल्या माणसाला
पोरीच्या डोळ्यातलं दिसणार नाही?

दवाखाना कन्ना चौकाच्या अलीकडे.
लहानपणी तिला वाटायचं,
आपल्यात डोळ्याला कन्नु म्हणतात
म्हणून हा डोळ्यांचा चौक.
मी कधी खोडलं नाही.

खोलीत अंधार केला.
रजितानं हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं.
यंत्रापुढे गप्प कसं बसायचं
हे अकराव्या वर्षी इतकं चांगलं येऊ नये.
बाईंनी उजेडाची उभी फट सोडली डोळ्यात
आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.

मग म्हणाल्या, या, बाजूच्या नळीतून बघा.

दुपारी पत्र्याच्या भोकातून
शेडमध्ये उन्हाची तिरीप उतरते
तेव्हा कळतं, हवेत किती तूस आहे.
तिरीप सरकली की हवा पुन्हा स्वच्छ,
माग चालू, आपण श्वास घेत राहतो.
तसंच होतं आत.
पांढरे बारीक कण, त्या फटीपुरते दिसणारे,
सावकाश वर जाणारे, खाली येणारे.
माझ्या पोरीच्या डोळ्यात माझी शेड.

सूज आहे, बाई म्हणाल्या, आतली.
पोटाच्या आजाराबरोबर येते कधी कधी,
मुलांमध्ये तर अशीच गुपचूप.
वेळेत आलात.

सव्वा महिन्याचं मी काही बोललो नाही.

आता तासाला एक थेंब.
घड्याळ बघायला तिच्या आईला सवड नाही,
ती विड्यांवर मोजते :
शंभर वळून झाल्या की सूप बाजूला,
तंबाखूचे हात साबणानं दोनदा,
मग पोरीची मान मागे, पापणी खाली, थेंब.
हजाराच्या जागी सातशे होतात दिवसाला.
ब्रँचमधला मुनीम विचारतो, ती सांगत नाही.

लाल झाकणाच्या बाटलीनं बाहुली मोठी होते,
जवळचं वाचता येत नाही, ऊन टोचतं,
आणि सोलापुरात मार्च लागलाय.
गड्ड्यातून घेतलेला जांभळा गॉगल लावून
ती गल्लीतून चालते,
पोरं शिट्ट्या मारतात.

काल काचेवर एक टॉवेल थांबवून उभा होतो.
पलीकडून नरसय्या ओरडला, काय सापडलं?
काही नाही, म्हणालो.
काही नाही म्हणूनच बघतोय.

रात्री थेंब घालताना
रजिता म्हणाली, नान्ना,
बाईंना चिठ्ठी देशील तर डोळ्याचं लिही.
पोटाचं नको.
दोन वर्षं मी डोकं दुखतं सांगून वर्गातून पळतेय.
डोळ्याचं सांगता येतं सगळ्यांना.

तिनं डोळे मिटले.
थेंबातला थोडा गालावर आला,
पुसू का नको, मला कळेना.