उतार

आमच्या स्वयंपाकघरात काहीही पडलं
की ते उत्तरेच्या कोपऱ्यात जायचं.
कांदा, बटण, वेंडेलची लग्नाची अंगठी,
एकदा तर उकडलेलं अंडं, अगदी सावकाश,
वाटेत कुणाशी बोलत गेल्यासारखं.
आमच्या पैशांत डुलुथमध्ये हेच घर मिळालं.

पहिल्या दिवशी शेजारच्या लेम्पीबाई
काळा पाव आणि मीठ घेऊन आल्या,
दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या,
'सरोवराकडे झुकलंय. पाणी ओढतंच.'

पहिल्या सुट्टीत समुद्र पाहायचा होता.
पाहिलं ते थंडर बे, वेंडेलच्या मामाचं गॅरेज.
त्याचा जुना जॅक उसना घेतला,
परतताना ट्रकमध्येच झोपलो,
काचेला आतून बर्फ, मधोमध जॅक,
तिसऱ्या माणसासारखा.

मग आठवडाभर तळघरातून हाक:
'आयनो, आता बघ!'
मी वर गोटी ठेवायची.
'अजून चालतेय!'
'आता?'
जेवणाआधी प्रार्थनेला हात धरले
की त्याच्या तळव्यांचं ग्रीस माझ्या हातांना.
देवाला तेही पोचलं असेल.

गुरुवारी गोटी थांबली.
आम्ही नाचलो. दारं मात्र
त्या रात्रीपासून एकही लागेना.

काल सुई पडली.
दोघं रांगत होतो, टेबलाखाली, फ्रिजमागे,
डोक्यावर डोकं आपटत.
'आता कुठेही असू शकते,' तो म्हणाला.
उत्तरेचा कोपरा
आम्ही आधीच पाहून झालो होतो,
दोघंही, एकमेकांना न सांगता.

सुई अजून सापडलेली नाही.
लेम्पीबाईंना निरोप दिलाय,
अनवाणी येऊ नका.